हजर मंडळींत वहिनी नव्हत्या

तारीख ९ फेब्रुवारी, वार रविवार, वेळ सकाळी साडेदहा. रक्कम रुपये सहा लाख. हजर मंडळी: मोठी बहीण अक्का, अक्काचे यजमान, थोरले भाऊ अण्णा, धाकटा भाऊ आणि मी. जागा अण्णांचं जे. पी. नगरातलं घर, बाहेरची खोली.

हे मी आठवून लिहीत नाही, घरच्या वहीतून उतरवून घेतो आहे. ही वही आमच्याकडे पणजोबांपासून चालत आली आहे. लग्न, मुंज, जागेची विक्री, कुणाला केलेली मदत, जे काही चार जणांत बसून ठरेल ते तारीख, रक्कम आणि हजर मंडळींसकट तिच्यात लिहायचं आणि खाली सह्या करायच्या. आम्ही कितीतरी पिढ्या बेंगळुरूत आहोत. बाहेर कन्नड बोलतो, मुलं इंग्रजीत भांडतात, पण वही मराठीतच. गेली बावीस वर्षं ती माझ्याकडे आहे, कारण माझं अक्षर बरं आहे आणि बेरीज सहसा चुकत नाही.

त्या रविवारची नोंद पुढे अशी: "थोरल्या वहिनींनी अण्णांस आपले एक मूत्रपिंड द्यावे. ते दिल्यानंतर वहिनींचे नावे सहा लाख रुपये मुदत ठेवीत ठेवावेत. अक्का, मी व धाकटा यांनी प्रत्येकी दोन लाख द्यावेत. सर्वांस मान्य." खाली पाच सह्या.

वहिनी हजर नव्हत्या. त्या स्वयंपाकघरात आमच्यासाठी कॉफी करत होत्या. मध्ये फक्त एक पडदा होता.

अण्णांची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाल्याला तेव्हा चौदा महिने होत आले होते. सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस, दर वेळी चार तास. आठवड्याचे बारा तास यंत्रापाशी आणि जाण्यायेण्याचे, वाट बघण्याचे आणखी आठ. दिवसभरात पाणी एक लिटर, त्यातच कॉफी आणि ताक धरायचं. वहिनी रोज सकाळी एक बाटली भरून टेबलावर ठेवायच्या आणि ती संपली की अण्णा लहान मुलासारखे तिच्याकडे बघत बसायचे. मृत माणसाचं मूत्रपिंड मिळावं म्हणून त्यांचं नाव सरकारी यादीत घातलेलं होतं. पाळी कधी येईल हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

म्हणून अक्कानं सगळ्यांना बोलावलं. सदुसष्ट वर्षांची अक्का म्हणजे आमच्या घरात जिचा शब्द शेवटचा अशी बाई.

"यादी यादी करत किती दिवस बसायचं?" ती म्हणाली. "घरातच असताना बाहेर कशाला हात पसरायचा?"

घरातच असताना. जास्तीचा गॅस सिलिंडर असावा तसं.

धाकटा एचएसआर लेआउटमधून आला होता, मांडीवर लॅपटॉप घेऊन. "माझा ग्रुप बी आहे, अण्णांचा ओ. सो मी आउट. मी ऑलरेडी चेक केलंय." त्याच्या आवाजातली सुटका मला स्पष्ट ऐकू आली.

"माझाही बी," अक्का म्हणाली, "आणि वर बीपी."

"वहिनींचा ओ आहे ना?" धाकटा स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला. "तिकडे मॅच होऊ शकते."

"होणारच. आणि तिला काय, नोकरीला थोडंच जायचंय? मूलबाळही नाही मागे लागायला. महिनाभर झोपून राहील, मी येते बघायला."

अण्णा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. अक्काचे यजमान तसे कमी बोलणारे गृहस्थ. ते म्हणाले, "पण तिला काहीतरी द्यायला हवं. फुकट कसं घ्यायचं?" त्या सकाळी त्या खोलीत उच्चारलेलं माणुसकीचं वाक्य तेवढं एकच होतं आणि पुढे गुन्हा ठरलं तेही तेच.

माझा रक्तगट ओ आहे. माझ्या ऑफिसच्या ओळखपत्रावर छापलेला आहे आणि ते ओळखपत्र तेव्हा माझ्या खिशात होतं. मला कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. मी पेनाचं टोपण काढलं आणि नोंद लिहायला घेतली.

इस्पितळानं कागद मागितले. नवराबायको असल्याचा पुरावा हवा होता. अण्णांचं लग्न एकतीस वर्षांपूर्वी देवळाच्या सभागृहात झालेलं, नोंदणी कुणी केली नाही. बाकीची ओळखपत्रं होती, पण लग्नाचा आणखी एखादा पुरावा असला तर आणा, असं सांगण्यात आलं. आल्बमला कसर लागली होती. मग मला वही आठवली. लग्नाच्या पानाची झेरॉक्स नेता आली असती. पण एकच पान नेलं तर संशय येईल, मूळ दाखवावं, असं माझ्यासारख्या माणसाला वाटणारच. मी सबंध वही पिशवीत घालून नेली. शिवाय तिथे मराठी कोण वाचणार होतं?

तिथली कोऑर्डिनेटर नागपूरची निघाली. तिशीच्या आतली मुलगी, दोन वर्षांपूर्वी नोकरीसाठी बेंगळुरूला आलेली. अवयव देणारे आणि घेणारे यांचं सगळं तीच बघायची. वही पाहून ती खूश झाली.

"अरे वा, काका! वाजंत्री नऊशे रुपये! केळीची पानं चारशे! आणि हे सगळे हजर लोक? आमच्याकडे तर आजोबांचं नाव लक्षात आहे तेच खूप." मग म्हणाली, "अजूनही लिहिता का तुम्ही?" आणि कौतुकानं मागून पानं उलटत शेवटच्या नोंदीवर आली.

तिनं ती नोंद दोनदा वाचली.

"काका, हे काय आहे?"

"ठराव आहे. घरातला."

"पैसे कशाचे?"

"वहिनींसाठी. मुदत ठेव."

"किडनीच्या बदल्यात?"

"बदल्यात कसं म्हणता? सन्मान म्हणून."

"'दिल्यानंतर' असं लिहिलंय तुम्ही. दिल्यानंतर सन्मान, म्हणजे बदल्यातच झालं नं काका." तिचा आवाज आता खाली आला होता. "हा गुन्हा आहे. घरातल्या घरात असला तरी. देणारा, घेणारा, ठरवणारा, सगळ्यांना लागू आहे. आणि तुम्ही तर पाच सह्या करून ठेवल्यात."

मी आयुष्यात कर एक दिवस उशिरा भरलेला नाही. वीजबिल मुदतीच्या चार दिवस आधी भरतो. अवयवांच्या खरेदी-विक्रीचा कागद मी माझ्या हातानं, शुद्ध अक्षरात लिहून इस्पितळाच्या टेबलावर नेऊन ठेवला होता.

"काकू कुठे आहेत?" तिनं विचारलं. "मला त्यांच्याशी एकटीशी बोलायचंय. तुम्ही बाहेर बसा."

वहिनी आत गेल्या. पस्तीस मिनिटं लागली. बाहेर आल्या तेव्हा डोळे पुसलेले होते, पण चाल हलकी होती. मागून आलेल्या मुलीनं मला एवढंच सांगितलं, "फाइल मी पुढे पाठवत नाहीये."

परतताना वहिनी आणि मी रिक्षात होतो. सिग्नलला रिक्षा थांबली, चालकानं इंजिन बंद केलं आणि म्हणाला, "स्वल्प लेट आगुत्ते सर." उशीर होणार होता. वहिनींनी तेवढ्यात बोलायला सुरुवात केली.

"भावजी, तुमचं रक्त कुठलं?"

मी सांगितलं.

"मला वाटलंच होतं. लग्नाच्या आदल्या वर्षी ह्यांना कावीळ झाली तेव्हा रक्त तुम्ही दिलं होतं ना, तेच सांगत होते एकदा." त्यांनी पदर सारखा केला. "त्या मुलीनं मला विचारलं, तुम्हाला द्यायची आहे का. नुसतं एवढंच. मला रडूच आलं. फेब्रुवारीपासून मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता."

"तुम्ही काय सांगितलंत?"

"नको म्हणाले. भीती वाटते मला. आधी विचारलं असतं तर कदाचित भीतीसकट हो म्हणाले असते. पण पडद्याआड उभं राहून स्वतःचा भाव ऐकला मी. सहा लाख. दोन्हींचे बारा होतील का, तेही विचारून घ्यायचं होतं."

मी वहीची पिशवी पायाशी सरकवली.

"आणि एक सांगते," त्या म्हणाल्या. "काकांच्या वेळी मात्र तुम्ही सगळे हजर होतात."

होतो. तेही वहीत आहे.

त्याच्या तीन वर्षं आधी आमच्या धाकट्या काकांना के. आर. पुरमच्या स्टेशनबाहेर रस्ता ओलांडताना एका टेम्पोनं उडवलं. वय अठ्ठावन्न, नात्यानं काका पण अक्काहून लहान. रोज पाच किलोमीटर चालणारा माणूस, साखर नाही, बीपी नाही. डोक्याला मार लागला होता, बाकी अंगावर ओरखडा नाही. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी नियमाप्रमाणे दोनदा तपासून सांगितलं की मेंदू मृत झालेला आहे, माणूस गेलेला आहे, छाती हलते आहे ती यंत्रामुळे. मग एक बाई आल्या आणि हात जोडून अवयवदानाबद्दल बोलल्या. काकू कोपऱ्यात बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "त्यांना चाललं असतं. निदान डोळे तरी."

अक्का म्हणाली, "अय्यो, डोळे काढून कसं पाठवायचं माणसाला?"

अण्णा, तेव्हा धडधाकट असलेले आमचे अण्णा, म्हणाले, "काकांचं शरीर आलं तसं पूर्ण जाऊ दे."

आणि मी विचारलं, "त्याला किती तास लागतील?" कारण दुपारी चारची वेळ विद्युतदाहिनीत मी घेऊन ठेवली होती आणि लोकांना कळवून झालं होतं.

त्या बाईंनी पुन्हा हात जोडले आणि गेल्या. काकूंना परत कुणी विचारलं नाही. चार वाजता दाहिनीचं दार उघडलं, बंद झालं. पावती वहीत चिकटवलेली आहे. त्या पावतीत दोन निरोगी मूत्रपिंडं जळाली. एक यकृत जळालं. दोन डोळे, ज्यांनी काका शेवटपर्यंत चष्म्याशिवाय पेपर वाचायचे, तेही जळाले. माझ्याकडे प्रत्येक गोष्टीचा हिशेब असतो, पण त्या दिवशी काय जाळलं याची यादी मी केली नव्हती. रिक्षात बसून केली. सिग्नल सुटेपर्यंत पुरी झाली.

तेव्हापासून मला जो राग आला आहे तो अजून गेलेला नाही. ज्याला आता कशाचाच उपयोग उरलेला नाही त्या माणसाकडून घेताना आमच्या जिवावर येतं. त्याचं शरीर पवित्र असतं, अखंड असतं, त्याला पुढच्या जन्मी आंधळं व्हायची भीती असते. आणि जिवंत, चालत्याबोलत्या, स्वयंपाकघरात कॉफी गाळणाऱ्या बाईच्या पोटात हात घालायला आम्हाला अर्धा तास पुरतो. अखंडतेची काळजी तेव्हा कुठे जाते? कुठल्या पोथीत लिहिलंय की मेलेल्या काकांचं शरीर पूर्ण जावं आणि जिवंत वहिनींचं अर्धं राहावं? यादी लांब आहे म्हणून सगळे कुरकुरतात. ती सरकारनं लांब केलेली नाही. आमच्यासारख्या घरांनी, दुपारी चारची वेळ गाठायच्या घाईत, केली आहे.

वहीमुळे फाइल अडल्याचं मी निघतानाच अक्काला मेसेजनं कळवलं होतं. घरी पोचण्याआधी तिचा फोन आला.

"वही न्यायला तुला कुणी सांगितलं होतं? एवढी खरं लिहायची हौस असेल तर कोर्टात कारकून हो!"

"अक्का, ते लिहिणंच चूक होतं."

"मग फाड ते पान. उद्या सकाळी जा आणि सांग त्या पोरीला, गैरसमज झाला."

"पान फाडणार नाही."

"मग भावाला मार. पान जप आणि भावाला मार."

तिनं फोन ठेवला. वहिनींना सगळं ऐकू गेलं होतं.

इस्पितळानं अण्णांना एवढंच कळवलं की वहिनींचं मूत्रपिंड घेता येणार नाही. कारण सांगितलं नाही. देणाऱ्याचं मन ते उघड करत नाहीत हे मला नंतर कळलं आणि त्या मुलीबद्दलचा माझा आदर वाढला. (वहिनींनी पुढे स्वतःच अण्णांना खरं सांगितलं. हे सगळं लिहू का असं मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "लिहा. पण या वेळी माझं म्हणणंही लिहा.")

सोळा दिवसांनी मी स्वतः तपासणीला गेलो. सोळा दिवस मीच लावले, कुणी अडवलं नव्हतं. पहिल्याच रक्ततपासणीत मला मधुमेह निघाला, जो मला आहे हेच मला माहीत नव्हतं, आणि डॉक्टरांनी मला तिथेच वगळलं. बाहेर पडताना माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती म्हणजे सुटलो. धाकट्याच्या आवाजात जी सुटका मी ऐकली होती, तीच. म्हणजे त्याच्यावर रागावण्याचा हक्कही गेला.

मग यादीशिवाय काही उरलं नाही. सोम, बुध, शुक्र. अण्णांच्या पायावर सूज येई, उतरे, पुन्हा येई. मे महिन्यात छातीत पाणी झालं आणि चार दिवस आत ठेवलं. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, फार लांबलं तर हृदयाला झेपणार नाही. त्या वॉर्डात शेजारच्या खाटेवर एक शिक्षक होते, तेही यादीत. जूनमध्ये त्यांची खाट रिकामी दिसली. मी नर्सला विचारलं नाही. तिनंच मान हलवली.

ऑक्टोबरमधल्या एका मंगळवारी सकाळी सव्वानऊला नागपूरच्या मुलीचा फोन आला. "काका, अण्णांना काही खायला देऊ नका. लगेच निघा." कुठल्यातरी घरात, याच शहरात किंवा आसपास, कुणीतरी गेलं होतं. कुणीतरी हात जोडून विचारलं होतं. आणि त्या घरातल्या माणसांनी, आमच्यासारखीच रडून डोळे सुजलेल्या माणसांनी, किती तास लागतील असं न विचारता हो म्हटलं होतं.

शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या दिवशी अण्णांना लघवी झाली. बावीस महिन्यांत जे झालं नव्हतं त्याची मिलिलिटरमध्ये नोंद बघून वहिनी हसल्या आणि मग भिंतीला टेकून बराच वेळ उभ्या राहिल्या.

अक्का आली ती साडी, नारळ, फळं आणि एक पाकीट घेऊन. पाकिटात पन्नास हजार होते. तिनं कोऑर्डिनेटरला गाठलं.

"त्या घरी हे द्यायचंय. पत्ता सांग."

"नाही सांगता येत मावशी. नावही नाही."

"मग तू नेऊन दे."

"तेही नाही. पैसे तर अजिबात नाही."

"म्हणजे? फुकट?"

"हो मावशी. फुकट."

अक्का खुर्चीवर बसली. सदुसष्ट वर्षांत तिनं कुणाचं काही फुकट घेतलं नव्हतं आणि आता परत करायला पत्ताच नव्हता. मला तिची दया यायला हवी होती. आली नाही. मी पिशवीतून अवयवदानाचे अर्ज काढले आणि एक तिच्यासमोर धरला.

"हा भर. द्यायचंच आहे ना? असं दे."

"माझं काय घेणार आता? वय बघ माझं."

"डोळे घेतील. मी विचारलंय. वयाची अडचण नाही म्हणाले."

"बघू," अक्का म्हणाली आणि अर्जाची घडी करून पर्समध्ये ठेवली. सख्ख्या भावाच्या पोटात परक्या घरचं मूत्रपिंड चालू असताना, त्या खाटेपासून दहा पावलांवर बसून, बघू. मी इस्पितळ म्हणून आवाज चढवला नाही, एवढंच.

वहिनींनी अर्ज तिथेच भरला. पेन माझ्याकडून घेतलं आणि म्हणाल्या, "आता मला कुणी विचारलं नव्हतं असं नको. मी आपण होऊन देते आहे. मेल्यावर सगळं घ्या. भीती तेव्हा नसेल." मी भरला, माझ्या बायकोनं भरला. अण्णांनी घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी भरला आणि मग, काकांच्या वेळी ज्यांना परत कुणी विचारलं नव्हतं त्या काकूंना फोन लावायला सांगितला.

नुसता अर्ज भरून भागत नाही, हे मात्र मी जो वाचेल त्याला सांगतो. माणूस गेल्यावर शेवटी विचारतात ते घरच्यांना आणि घरचे नाही म्हणाले की अर्ज कपाटात राहतो. म्हणून घरात मोठ्यानं सांगा. जेवायला सगळे बसलेले असताना सांगा. मी वहीत लिहून ठेवलं आहे: "माझे जे काही कामास येईल ते द्यावे. दाहिनीची वेळ नंतर घ्यावी." हजर: वहिनी, अण्णा, माझी बायको, धाकटा. वहिनींचं नाव पहिलं.

त्याच पानावर शेवटचा हिशेब आहे. इस्पितळास दिले, शस्त्रक्रिया व औषधे धरून, रुपये आठ लाख साठ हजार. पैकी विम्यातून पाच लाख. उरलेले तीन लाख साठ हजार अक्का, मी व धाकटा, प्रत्येकी एक लाख वीस हजार. वहिनींच्या नावे ठरलेले सहा लाख रद्द, त्यांस दिले काही नाही. अवयव देणाऱ्या घरास दिले काही नाही.